जाड पायाची अक्षरं: मुंबईतल्या दुभाषी पाटीसाठी स्लॅब सेरिफ कसा निवडावा आणि कसा लावावा

स्लॅब सेरिफ हा टाइप नवख्याला पटकन आवडतो. जाड रेघ, चौकोनी पाय (अक्षराच्या टोकाच्या आडव्या रेघा, म्हणजेच सेरिफ), लांबून वाचता येणारी अक्षरं. नाव टाइप केलं, बोल्ड केलं की काम झाल्यासारखं वाटतं. अडचण पुढे येते. मुंबईत पाटी एका लिपीत होत नाही. इंग्रजी नाव धिप्पाड दिसतं आणि त्याच्या वर बसलेलं मराठी नाव हडकुळं. मग कुणीतरी घाईने मराठीला आउटलाइन देऊन फुगवतं आणि ‘ध’ची गाठ भरून काळा ठिपका होतो. दादरपासून डोंबिवलीपर्यंत अशा पाट्या रोज दिसतात.

हा लेख नुकत्याच डीटीपीच्या खुर्चीवर बसलेल्यांसाठी, अप्लाइड आर्टच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्यांसाठी आणि ‘तुला कॉम्प्युटर येतो ना, मग आपल्या दुकानाचा बोर्ड तूच कर’ असं काकांनी सांगितलेल्यांसाठी आहे.

पायरी १: आधी ओळख पटवा

इंग्रजी कॅपिटल ‘आय’ मोठा करून बघा. टाइम्स या फाँटमध्ये त्याच्या वर-खाली आडव्या रेघा आहेत, पण त्या टोकाकडे निमुळत्या होत जातात. एरियलमध्ये त्या नाहीतच, नुसती उभी दांडी. रॉकवेलमध्ये मात्र ती आडवी रेघ उभ्या दांडीइतकीच जाड असते आणि टोकाला सरळ, काटकोनात कापलेली असते. भर पावसात गमबूट घालून उभा असलेला आय. हा स्लॅब.

दुसरी खूण गोल अक्षरात सापडते. ‘ओ’ घ्या. टाइम्सचा ओ डाव्या-उजव्या बाजूला जाड आणि वर-खाली बारीक असतो. स्लॅबचा ओ बहुतेक वेळा सगळीकडून जवळपास सारख्या जाडीचा असतो. नवी मंडळी पायांकडे बघतात आणि ओ बघायचा विसरतात. माझ्या मते या टाइपचा दणकटपणा पायांत कमी आणि या सारख्या जाडीत जास्त आहे. पुढे मराठी जुळवताना सगळा खेळ याच मुद्द्यावर होणार आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातून उपयोग कळतो. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्या कारागिराने १८१५ च्या सुमारास ‘अँटिक’ नावाने असा टाइप विक्रीला आणला. तोवरचे टाइप मुख्यतः पुस्तकांसाठी होते, हातात धरून वाचायचे. आता कारखाने, लॉटऱ्या, नाटकं, वाहतुकीच्या गाड्या यांच्या जाहिराती भिंतींवर लागायला लागल्या होत्या आणि भिंतीवर ओरडणारं अक्षर हवं होतं. नेपोलियनच्या १७९८ च्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं होतं, म्हणून या टाइपांना ‘इजिप्शियन’ नाव चिकटलं. इजिप्तच्या लिपीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पुढे १८२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेरियस वेल्सने लाकडी टाइप यंत्रावर मोठ्या प्रमाणात करायला सुरुवात केली. लाकडात केसाएवढी बारीक रेघ टिकत नाही, तुटते. जाड पाय टिकतात. साधन जिथे नाजूक रेघ सांभाळू शकत नाही तिथे स्लॅब चालतो. फ्लेक्स, विनायल आणि वर्तमानपत्री कागदाच्या बाबतीत आजही तेच खरं आहे.

पायरी २: कोणता स्लॅब ते ठरवा

सगळे स्लॅब एका स्वभावाचे नसतात. ढोबळ चार घरं धरा.

क्लॅरेंडनच्या घरात पाय दांडीला थेट काटकोनात न मिळता छोट्याशा वळणाने मिळतात, आणि रेघेत थोडं जाड-बारीकही असतं. मूळ क्लॅरेंडन १८४५ चा, लंडनच्या रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीचा, म्हणजे टाइप ओतायच्या कारखान्याचा. शब्दकोशात मूळ शब्द ठळक दिसावा आणि अर्थ साध्या टाइपात यावा, अशा कामासाठी तो चालला. त्याची नोंदणी करून तीन वर्षांचं संरक्षण घेतलं होतं, ते संपताच सगळ्यांनी नकला केल्या. जुनं, भरवशाचं, जरा घरंदाज असं काही सांगायचं असेल तर हे घर. मसाल्याचं दुकान, बेकरी, पिढीजात सराफ.

भूमितीच्या घरात सगळं पट्टी-कंपासातून आलेलं असतं. जर्मनीतल्या रुडोल्फ वोल्फचा मेम्फिस १९२९ चा, मोनोटाइपचा रॉकवेल १९३४ चा. गेओर्ग ट्रुम्पचा सिटी १९३० चा, आणि पॉल रँडने १९५६ मध्ये आयबीएमची खूण केली तेव्हा अक्षरांचा आधार त्याचाच होता. आडव्या पट्ट्या नंतर, १९७२ मध्ये आल्या. हार्डवेअर, जिम, सिमेंट, कुरिअर कंपनी अशा ठिकाणी हे घर शोभतं. हल्ली कॉफी शॉपवाले पण तेच मागतात. मागू देत.

तिसरं घर टाइपरायटरचं. याच्यावर जरा थांबू, कारण पाय कशासाठी असतात हे इथे डोळ्यांनी दिसतं. टाइपरायटरवर कुठलीही कळ दाबा, गाडी सारखीच सरकते. लहान ‘आय’ला जेवढी जागा तेवढीच ‘एम’ला. आय अंगाने काडीसारखा, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना भगदाड पडणार. म्हणून त्याला लांबलचक पाय दिले. ते जागा भरतात आणि ओळ तुटक दिसत नाही. उलट एम बिचारा अंग चोरून उभा राहतो. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. त्या यंत्रावरचे जुने करारनामे, प्रतिज्ञापत्रं, सोसायटीची पत्रं घरात कुठे तरी असतीलच. फोर्टात कोर्टाच्या आसपास टायपिस्ट बसलेले दिसले तर त्यांच्याकडचा एखादा इंग्रजी कागद भिंगातून बघा, लहान ‘आय’ आणि ‘एल’चे पाय बघा. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलरने १९५० च्या दशकात केलेला कुरिअर याच घरातला. अंधेरीत पटकथा लिहिणाऱ्यांचं सॉफ्टवेअर अजूनही कुरिअरमध्येच पान काढतं, कारण त्या मापात एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा हिशेब बसलेला आहे. पाटीसाठी मात्र हे घर सोडा. सारख्या जागेमुळे मोठ्या आकारात शब्द विस्कटतो.

चौथं घर वाचायच्या स्लॅबचं. पाय आहेत पण हलके, अक्षराला हाताच्या वळणाची आठवण आहे. पेटर मातियास नोर्डझेचा केसिलिया १९९० चा. सुरुवातीच्या किंडलवर पुस्तकं त्याच टाइपात दिसायची. फुकट मिळणाऱ्यांत बिटर आणि झिला स्लॅब. झिला फायरफॉक्सवाल्या मोझिलासाठी २०१७ मध्ये केला गेला. माहितीपत्रक, मेनूकार्ड, वेबसाइटचा मजकूर यांसाठी हे घर.

पहिल्याच कामाला गोंधळ होत असेल तर रोबोटो स्लॅब घ्या. कुठल्याही घराचा टोकाचा स्वभाव त्याला नाही, म्हणून फारसा चुकत नाही. त्याच कारणाने फारसा लक्षातही राहत नाही, पण तो प्रश्न दुसऱ्या कामाच्या वेळी.

पायरी ३: नको तिथे लावू नका

लग्नपत्रिकेला स्लॅब लावू नये असा काही नियम नाही, पण घरचे परत पाठवतील. अत्तर, साडी, दागिन्यांचं नाजूक काम, कवितेचं पुस्तक, शोकपत्र, इथे जाड पाय आवाज करतात. दवाखान्याच्या पाटीला चालतो, औषधाच्या डबीवरच्या बारीक सूचनांना नाही, कारण तिथे जागा कमी आणि पाय जागा खातात. आणि अख्खा परिच्छेद ठळक स्लॅबमध्ये लावू नका. पान काळं पडतं.

पायरी ४: मराठी कुठून आणायची

खरा कस इथे लागतो.

देवनागरीत लॅटिनसारखे, म्हणजे इंग्रजीच्या लिपीसारखे, पाय नाहीत. तिला डोक्यावर शिरोरेषा आहे आणि अक्षरं तिला लटकलेली आहेत. लॅटिन खालच्या ओळीवर उभी राहते. शिवाय आपलं अक्षर बोरूचं. बोरूची खाप लॅटिन लेखणीच्या उलट बाजूला तिरकी कापलेली असते, त्यामुळे पारंपरिक देवनागरीत जाड-बारीक उलट कललेलं असतं. टाइम्ससारखा टाइप आणि जुन्या वळणाची देवनागरी शेजारी ठेवली की दोन अक्षरं दोन दिशांना ओढतात ती यामुळे. स्लॅबची रेघ सगळीकडे सारखी असल्याने हे भांडण मिटतं. म्हणून स्लॅबबरोबर सारख्या जाडीच्या रेघेची देवनागरी घ्या, बोरूच्या वळणाची नको.

आता सगळ्यात मोहाची चूक. ‘स्लॅब आहे ना, मग मराठीला पण पाय देऊ’ म्हणून काही जण प्रत्येक दांडीखाली चौकोनी पट्टी चिकटवतात. ‘मसाला’ हा शब्द करून बघा. म आणि स यांची प्रत्येकी एक दांडी, फाँटात ल हिंदी वळणाचा असेल तर त्याचीही एक, शिवाय दोन काने. खाली चार-पाच पट्ट्या एका ओळीत येतात आणि दुसरी शिरोरेषा तयार होते. वरून बंद, खालून बंद. आता ‘मुंबई’ लिहा. म च्या पायाला उकार धडकतो, उकार खाली ढकलावा लागतो आणि पाटीची उंची वाढते. एखाद्या लोगोत, एकाच शब्दावर, हाताने नीट बसवून कुणी हे केलं तर जमूही शकतं. पाटीच्या रोजच्या कामात नको.

त्याऐवजी तीन गोष्टी जुळवा: दांडीची जाडी, अक्षरांची पोटं (आतल्या रिकाम्या जागा) किती मोकळी आहेत ते, आणि रेघेचं टोक. स्लॅबचं टोक सरळ कापलेलं असेल तर मराठीच्या कान्याचं टोकही सरळ कापलेलं घ्या, गोल नको.

सोपा रस्ता म्हणजे दोन्ही लिप्या एकत्र केलेला फाँट. गूगल फाँट्सवर असे थोडे आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीसाठी जोआना कोरेयाने केलेला कर्मा पाच वजनांत (वजन म्हणजे रेघेची जाडी) मिळतो, मजकुराला उत्तम आणि मधल्या आकाराच्या पाटीलाही चालतो. सोल मातासने आपल्या बिटर या लॅटिन स्लॅबच्या जोडीला देवनागरी केली, त्या फाँटचं नाव ‘कडवा’. साधा आणि बोल्ड अशी दोनच वजनं, पण बोल्ड चांगला भरीव आहे. एदुआर्दो तुन्नीचा ग्लेगू रुंद आणि हलक्या अंगाचा आहे, मोठ्या आकारात छान, लहान पाटीत रेघ कमी पडते. ऱ्होडियम लिब्रे पडद्यावर लहान मापात वाचता यावा म्हणून केलेला, तिथेच वापरावा. सगळ्यांचा परवाना खुला आहे, पाटी, छपाई, लोगो, धंद्याचं काम सगळं चालतं. फाँटची फाइल तेवढी वेगळी विकता येत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे लॅटिन एकीकडून आणि मराठी दुसरीकडून. रॉकवेल किंवा रोबोटो स्लॅबबरोबर मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या मंडळींचा मुक्ता घ्या. सात वजनं असल्याने जाडी जुळवायला वाव मिळतो. जुळवायची रीत अशी. इंग्रजी कॅपिटल ‘आय’ आणि मराठी ‘का’ शेजारी टाइप करा, हव्या त्या आकारात आणा, मग आय उचलून कान्यावर ठेवा. काना आयच्या दांडीइतका किंवा किंचित बारीक हवा. किंचित बारीक यासाठी की मराठी शब्दात शिरोरेषा, मात्रा, वेलांट्या मिळून आधीच काळेपणा जास्त असतो. म्हणून लॅटिन बोल्ड असेल तिथे मराठी बऱ्याचदा सेमीबोल्ड लागते. मग पडदा लहान करा, डोळे बारीक करा. दोन्ही ओळी सारख्याच करड्या दिसल्या तर जुळलं. एक काळी आणि एक फिकट दिसली तर वजन बदला. आउटलाइन देऊन जाडी वाढवू नका. आउटलाइन बाहेर जाते तशी आतही जाते आणि पोटं बुजवते.

पायरी ५: फाँटला मराठी येते का ते तपासा

देवनागरी असणं आणि मराठी असणं यात फरक आहे. आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई वळणाचे टाइप घराघरात पोचवले आणि आपल्या डोळ्याला तेच वळण बसलं. पुष्कळ युनिकोड फाँटांत (सगळ्या मशीनांवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या) मराठी वळण आत दडलेलं असतं, मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यावरच बाहेर येतं. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा बदलता येते, वेबपेजवर भाषेचा कोड द्यावा लागतो. तरीही हिंदी वळणच राहिलं तर त्या फाँटात ती सोय नाही असं समजा.

एक चाचणीचं वाक्य जवळ ठेवा. माझं असं आहे, अर्थाकडे लक्ष देऊ नका: ‘दुसऱ्या मजल्यावर ॲक्रिलिकचं श्रीफळ ठेवलं, भाऊंनी धड ऑर्डर दिली नाही, ज्ञानू कुऱ्हाड घेऊन पाट्यांच्या गठ्ठ्याकडे धावला.’ यात अर्धा ‘ऱ्य’ येतो का, ‘ॲ’च्या जागी चौकोन तर दिसत नाही ना, ‘ठ्ठ’ एकावर एक चढून खालच्या ओळीत घुसतो का, आणि बोल्डमध्ये ‘भ’, ‘ध’, ‘श्र’ यांच्या गाठी उघड्या राहतात का ते बघा.

‘दिली’ची वेलांटी ‘द’च्या नंतर जाऊन बसली तर फाँटला दोष देऊ नका. अॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाची सेटिंग बदलायची असते: इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, इलस्ट्रेटरमध्ये मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर. नवख्यांचा अर्धा दिवस यातच जातो. गिऱ्हाइकाकडून मॅटर जुन्या श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फाँटात आलं असेल तर तुमच्याकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. युनिकोडमध्ये पुन्हा मागा किंवा कन्व्हर्टरमधून काढा, आणि काढल्यावर शब्दन् शब्द वाचा. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत हमखास गडबड करतो.

पायरी ६: माप, आणि कायदा

महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर नाव देवनागरी लिपीत मराठीत असणं बंधनकारक आहे. दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही या अटीखाली आली. पाटीची सुरुवात मराठीने व्हावी आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावा, असं त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, त्यानंतर महापालिकेची माणसं पाट्या तपासत फिरली. (दारू देणाऱ्या ठिकाणी गडकिल्ल्यांची आणि थोर व्यक्तींची नावं लावू नयेत, हेही त्याच दुरुस्तीत आहे. बारचा बोर्ड करायला घेतलात तर नाव आधी विचारा.)

आता ‘लहान नसावा’ म्हणजे काय? सॉफ्टवेअरमधला पॉइंटचा आकडा सारखा ठेवलात तरी मराठी बऱ्याचदा लहान दिसते, कारण त्याच आकड्यात वर मात्रेला आणि खाली उकाराला जागा सोडलेली असते. म्हणून आकडा विसरा आणि पट्टी लावा. मात्रा-उकार सोडून, शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून दांडीच्या तळापर्यंत मोजा. ही उंची इंग्रजी कॅपिटलच्या उंचीपेक्षा कमी नको. मी थोडी जास्तच ठेवतो, म्हणजे तपासायला आलेल्याने कुठूनही पट्टी लावली तरी वाद नाही. लॅटिन स्लॅब जाड पायांमुळे आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, हेही त्यात सावरून जातं.

किती मोठं अक्षर हवं याला पाटीवाल्यांचा ठोकताळा आहे: दर दहा फुटांमागे एक इंच. समोरचा फुटपाथ चाळीस फुटांवर असेल तर अक्षर चार इंच. हे आरामात वाचता येण्याचं माप. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत गिऱ्हाईक पाटीच्या जवळपास खालूनच चालतं, तिथे एवढ्याची गरज नाही. घोडबंदर रोडला चालत्या गाडीतून वाचायचं असेल तर याहून मोठं करा आणि शब्द कमी करा. मालकाला फोन नंबर, जीएसटी, ‘आमची कुठेही शाखा नाही’ हे सगळं त्याच पाटीवर हवं असतं. निदान नावापासून ते लांब ठेवा.

पायरी ७: अंतरं

स्लॅबची अक्षरं घट्ट बसवली की पाय एकमेकांत अडकतात आणि लहान ‘आर’ व ‘एन’ मिळून ‘एम’ दिसतो. सगळं कॅपिटलमध्ये असेल तर अक्षरांमधली जागा थोडी वाढवा. मराठीत मात्र हा हात फिरवू नका! अक्षरांमध्ये जागा घातली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. काही फाँटांत अगदी थोडी जागा खपते, पण शिरोरेषा मोठी करून बघितल्याशिवाय नाही. दोन्ही लिप्या एकाच टेक्स्ट बॉक्समध्ये असतील तर वेगळ्या करा, नाहीतर इंग्रजीला दिलेली जागा मराठीलाही लागते.

परिच्छेद असेल तर ओळींमधलं अंतर मराठीच्या हिशेबाने ठेवा. लॅटिन स्लॅबला अक्षराच्या मापाच्या १.४ पट पुरतं, मराठीला १.५ ते १.६ पट लागतं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा यांची गाठ पडू नये एवढं बघा.

पायरी ८: माल कोणता, त्यावर करून बघा

पडद्यावर सगळंच छान दिसतं. कशावर उतरणार ते विचारा.

फ्लेक्सवर शाई थोडी पसरते, लहान गाठी भरतात. म्हणून फ्लेक्सच्या तळाशी जो बारीक पत्ता असतो तो स्लॅब बोल्डमध्ये टाकू नका, साधं वजन ठेवा. विनायल कापून चिकटवायचं असेल तर स्लॅबसारखा टाइप नाही. बारीक टोकं मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत आधी सुटतात, आणि स्लॅबला बारीक टोकंच नाहीत. मराठीचे मोकळे अनुस्वार मात्र विनायलमध्ये पहिले गळतात. ‘मुंबई’ची ‘मुबई’ झालेली शटरं बघितली असतीलच. अनुस्वार मोठा आणि चौकोनी घ्या, चिकटायला जागा जास्त मिळते.

ॲक्रिलिकची उठावदार अक्षरं करून आत एलईडी टाकायचे असतील तर दांडी एलईडीचं मॉड्यूल बसेल एवढी रुंद हवी. ते माप अक्षरं बनवणाऱ्याकडून आधी घ्या, मग फाँटचं वजन ठरवा. मराठी शब्दात एक सोय आहे: शिरोरेषा अखंड असल्याने अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो, सरळ बसवता येतो. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर सुटं, प्रत्येकाला वेगळी वायर.

छापील कामात काळ्यावर पांढरं अक्षर काढायचं असेल तर पुन्हा स्लॅबच. आजूबाजूची शाई आत येऊन बारीक रेघा गिळते, पण जाड रेघेचं तेवढ्याने बिघडत नाही. वर्तमानपत्री कागदावरही तसंच.

कुठलाही माल असो, शेवटच्या मापात एक शब्द काढून घ्या. अख्खी पाटी नको, फक्त सगळ्यात अवघड शब्द, ज्यात गाठी आणि जोडाक्षरं आहेत तो. ए-फोरचे कागद जोडून प्रिंट काढा, दुकानाच्या शटरवर चिकटवा आणि समोरच्या फुटपाथवरून बघा. दिवसा बघा, आणि प्रकाशाची पाटी असेल तर असाच तुकडा पेटवून रात्रीही बघा. उजेडाच्या पाटीत अक्षर फुगतं, आजूबाजूला प्रभा पसरते आणि दिवसा मोकळं वाटणारं ‘भ’चं पोट रात्री भरून जातं. तसं झालं तर वजन एक पायरी खाली आणा, आकार तोच ठेवा.

पायरी ९: फाइल देताना

प्रेसला किंवा पाटीवाल्याला देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा (मजकुराचे नुसते आकार करा), म्हणजे त्यांच्या मशीनवर तुमचा फाँट नसला तरी वेलांट्या उडणार नाहीत. कर्व्ह केल्यावर परत एकदा वाचा. विनायल किंवा राऊटरसाठी (पत्रे-ॲक्रिलिक कापणारं यंत्र) देत असाल तर मराठी अक्षरांचे एकमेकांवर चढलेले भाग वेल्ड, म्हणजे एकजीव, करून द्या. शिरोरेषेचे तुकडे बऱ्याच फाँटांत एकमेकांवर चढलेले असतात आणि कापणारं यंत्र प्रत्येक तुकडा वेगळा कापतं, शब्दभर आडवे-उभे काप पडतात.

आणि कर्व्ह न केलेली, जिवंत मजकुराची एक फाइल फाँटसकट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पाटी लागून दोन-तीन महिने झाले की मालक फोन नंबर बदलायला परत येतो.